बुजवलेल्या फटी

ग्राबोवाच, २९ ऑक्टोबर

माझी लाडकी नेवेना,

तुला, ओग्न्येनला आणि आता तुमच्या घरात येऊन ठाण मांडलेल्या त्या छोट्या मालकाला आजीचे पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे बरे आहोत. तुम्ही बरे आहात हे विचारायला नको, कारण फोटो बोसिल्काच्या मोबाइलवर आला आणि मी तो इतक्यांदा मागितला की ती म्हणाली, "पेर्सिदा, मोबाइलच ठेव तुझ्याकडे, मीच जाते घरी." तशी ती गेली नाही. शेजारीण असून ती कधीच घरी जात नाही.

काय गं ते नाक. ते तुझं नाही, ओग्न्येनचं तर नाहीच. ते सरळ तुझ्या आजोबांचं नाक उचलून त्या एवढ्याशा तोंडावर बसवलंय. मी बोसिल्काला म्हटलं, बघ, बिचाऱ्याला जन्मल्याबरोबर काय ओझं दिलं. पण मुलगा आहे, पेलेल. आणि नाव रेल्या ठेवलंत, हे मला फार आवडलं. माझ्या चुलत्याचं नाव रेल्या होतं, तो घोड्यावरून दोनदा पडला आणि दोन्ही वेळा घोड्यालाच लागलं. चांगलं टणक नाव आहे.

बातमी आली तेव्हा आजोबा अंगणात लाकडं रचत होते. मी खिडकीच्या काचेवर ठोकून त्यांना बोलावलं. बोसिल्काचा नवरा आणि वरच्या आळीतले दोघे त्यांच्या आधी आत शिरले, आणि रीतच आहे तर टर्रकन त्यांचा सदरा फाडला. पोराच्या बापाचा फाडायचा असतो, पण बाप नोवी सादला, तर पणजोबाचा. "अरे, हा चांगला सदरा होता!" असं ओरडले. चांगला कसला, कोपराला ठिगळ होतं. मग राकियाची बाटली काढली, तिघांना ओतली, स्वतः प्याले आणि फाटलेल्या सदऱ्यानं दिवसभर फिरले. दुपारी मी म्हटलं, बदल आता. तर म्हणाले, "थंडी नाही लागत." लक्षात घे, थंडी लागत नाही असं तुझे आजोबा म्हणाले.

तुझा फोन आला तेव्हा ते बोलायला आले नाहीत, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. ते शेडमध्ये होते. म्हणजे तुझा फोन आला म्हणून शेडमध्ये गेले, पण फाटक्या सदऱ्यानं गेले, हे मी तुला सांगायलाच पाहिजे.

तू म्हणालीस, आजी, फोनवर दोनच शब्द बोलतेस. त्याचं असं आहे, फोन आजोबांच्या खुर्चीशी आहे, आणि मला बोलताना जरा धाप लागते. कागदाला धाप लागत नाही. पेन्सिलीला मी फडक्याची गुंडाळी केलीय, कांद्याएवढी जाड, म्हणजे बोटं न मिटता धरता येते. माझी बोटं तुला माहीत आहेत, आल्याच्या गड्ड्यासारखी झालीत. चार ओळी झाल्या की पेन्सिल ठेवते, शेगडीत लाकूड सारते, परत येते. अक्षर चौथीतल्यासारखं दिसत असेल तर ते चौथीतलंच आहे, त्याच्यापुढे मी गेले नाही.

खोकला आहे थोडा. कोरडा. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी पाहिजेच ना सोबतीला.

चाळीस दिवस घराबाहेर पाऊल टाकू नकोस. तुझ्या आईनं टाकलं नव्हतं, मी टाकलं नव्हतं. तुझी आई स्टुटगार्टला लोकांच्या म्हाताऱ्यांना अंघोळी घालतेय, ती ख्रिसमसशिवाय येत नाही, तेव्हा सांगायला मीच. बडीशेपेचं पाणी पी, दूध येतं. आणि रेल्याच्या पायाचा ठसा पाठव कागदावर, मला मोबाइलमधलं पुसलं जाईल अशी भीती वाटते.

आजोबांनी यंदा खिडक्या लवकर बंद करायला घेतल्यात. आम्ही अगदी उबेत आहोत.

तुझ्या आनंदानं फुगलेली,
आजी


ग्राबोवाच, १४ नोव्हेंबर

माझी गोड नेवेना,

ठसा पोचला. मी तो तळहातावर ठेवला तर माझ्या अंगठ्याएवढासुद्धा नाही. आता तो आपल्या संताच्या तसबिरीखाली लावलाय. बोसिल्का म्हणाली, "संताला काय करायचाय पोराचा पाय?" मी म्हटलं, त्याला पायांचं पडलेलं असतं, त्याचेच गेले होते.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिली, पोर संध्याकाळी रडतं त्याचं काय करू. पोटावर कोमट फडकं, आणि पोट तुझ्या हातावर टेकवून पालथं धरून घरात फिरव, ओग्न्येनला फिरवू दे, त्याचे हात लांब आहेत. बाप फिरला की पोरं लवकर गप्प होतात, त्यांना कंटाळा येतो.

दुसऱ्याचं नंतर लिहीन.

इथलं सांगते. तुझे आजोबा कामाला लागलेत. तू म्हणशील, आजोबा कधी नसतात कामाला. खरंय. या गावात अर्ध्या घरांच्या खिडक्या त्यांनी केल्या, आणि अजून लोक म्हणतात, रादिसावची खिडकी असेल तर मेणबत्तीची ज्योत हलत नाही. पण यंदा ते स्वतःच्याच खिडक्यांच्या मागे लागलेत. आधी सगळ्या काचांना नवी लांबी भरली. मग लष्करातलं जुनं कांबळं कापून त्याच्या पट्ट्या चौकटींत ठोकल्या. मग त्यावर चिकटपट्टी. मागचं दार खिळे मारून बंद केलं, "हिवाळ्यात कोण जातंय मागे?" म्हणाले. मी जात होते. पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर एक लाकडी पट्टी ठोकली, तिच्यावर कांबळं, म्हणजे खालूनही काही येऊ नये. आता दार उघडताना असा आवाज होतो, जसं कुणी बुटातून पाय ओढून काढतंय.

आणि शेगडी दिवसभर. बोसिल्का आली की शाल काढते, मग स्वेटर काढते, मग म्हणते, "रादिसाव, अजून काय काढू, सांग."

"तू काही काढू नकोस," आजोबा म्हणतात, "तू दार लाव."

मला बाहेर जायची बंदी आहे. बंदी म्हणजे मारामारी नाही, तसं काही मनात आणू नकोस, तुझ्या आजोबांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. ते फक्त दारासमोर उभे राहतात. हातात माझी शाल, टोपी, दुसरी शाल. सगळं अंगावर घालेपर्यंत मला इतकी धाप लागते की मी परत बसते. मग ते सगळं हळूच काढून घेतात. हिवाळ्यासाठी मिठात आंबवायच्या कोबीचं पिंप घालायचं होतं तेही बोसिल्कानं माझ्याशिवाय घातलं, मी खिडकीतून बोट दाखवून सांगत होते, मीठ आणखी, मीठ आणखी, तिला काचेतून ऐकू आलं नाही. कोबी यंदा अळणी लागणार.

काचेवर आतून पाणी साचतं. प्लमची झाडं अशी दिसतात की जणू कुणी ओल्या हातानं पुसून टाकलीत. मी बोटानं एक गोल करते आणि त्यातून बघते. मग तो गोलही भरतो.

काल आजोबांशी माझं संतावरून झालं. आपल्या संताचा दिवस, स्लावा, जवळ आली ना, म्हणून तसबीर पुसत होते. मी म्हटलं, "म्हाताऱ्या, एक सांग. आपला संत अलिंपिये खांबावर उभा राहिला. चारही बाजूंनी उघडा. पाऊस, बर्फ, वारा. पाय गेले तेव्हा वरच कुशीवर पडून राहिला, खाली उतरला नाही. तो म्हातारा होऊन मेला. त्याला कसा नाही बाधला आरपार वारा?"

"तो संत होता."

"आणि मी?"

"तू पेर्सिदा आहेस," म्हणाले, आणि चिकटपट्टीचा शेवट दातानं तोडला.

आता एक गुपित. ते लाकडं फोडायला गेले की मी दाराशी जाते. किल्ली काढून घेते आणि कुलपाच्या भोकाला तोंड लावून आत ओढते. गार असतं, लोखंडाची चव असते, आणि त्यात धुराचा, शेणाचा, ओल्या पानांचा वास असतो. किती छान असतं तुला सांगता येत नाही. मला वाटतं, तुमचा रेल्या दूध पिताना असाच दिसत असेल. गुडघे दुखायला लागेपर्यंत वाकून पिते. मग कुऱ्हाडीचा आवाज थांबला की किल्ली जागेवर. त्यांना कळलं तर तेही बुजवतील.

डॉक्टरीण म्हणाली होती, चाला, बाहेर बसा, मोकळ्या हवेत... ते जाऊ दे. ती नीशच्या इस्पितळातली, लांब वेणीवाली. ती तरुण आहे, त्यांना सगळं सोपं वाटतं.

रेल्याला नाकावर एक माझ्याकडून.

तुझी,
आजी


ग्राबोवाच, २ डिसेंबर

नेवेना, माझ्या बाळा,

आज आशीर्वाद शेवटी देईन. आधी उठ आणि पोराच्या खोलीतली खिडकी उघड. मी थांबते.

उघडलीस?

तुझं पत्र बोसिल्कानं मला वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा शेगडीच्या वाफेनं सारखा भरतो. तू लिहिलंस, "आजी, तू दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस, म्हणजे मला उत्तर कळलं. मी रेल्याच्या खोलीच्या खिडकीला टेप लावलीय. ओग्न्येन हसतो, पण मी उघडणार नाही. एकदा उघडली आणि तुझं काय झालं ते मी पाहिलंय." बोसिल्का वाचता वाचता थांबली. माझ्याकडे बघितलं. ती बाई कधी गप्प बसत नाही, पण तेव्हा बसली. मग तिनं पत्राची घडी केली, माझ्या मांडीवर ठेवली आणि स्वतःहून घरी गेली. त्यावरून समज.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: नाही. तुझ्यामुळे झालं नाही.

आता सगळं लिहिते, हात थांबेल तिथे थांबून.

ईस्टरला तू आलीस तेव्हा शेगडी पेटलेली, मी त्या खुर्चीत. तू म्हणालीस, आजी, इथे पाव भाजून निघेल, आणि खिडकी उघडलीस, आणि समोरचं दारही. मला काय छान वाटलं म्हणून सांगू. पडदे उडाले, तसबिरीवरचा रुमाल उडाला. आजोबा धावत आले आणि दोन्ही धाडकन लावली. चौथ्या का पाचव्या दिवशी मला ताप, श्वास घेता येईना, रुग्णवाहिका. इस्पितळाच्या व्हरांड्यात ते तुला काय म्हणाले ते मला बोसिल्काकडून कळलं. "तूच उघडलीस," एवढंच म्हणाले. एवढंच म्हणाले आणि तू गेलीस ती अजून आली नाहीस. पोटात रेल्या होता तुझ्या तेव्हा, आम्हाला ठाऊकही नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी ती वेणीवाली डॉक्टरीण माझ्या पलंगावर बसली. पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिली होती. मी विचारलं, काय ऐकतेस इतकं, गाणं आहे का? म्हणाली, "आजी, कुणीतरी वाळक्या पानांवरून चालतंय असा आवाज येतोय." मग तिनं चित्र दाखवलं. माझी फुप्फुसं खालच्या बाजूला मधाच्या पोळ्यासारखी झालीत, भोकं भोकं, आणि मध नाही. म्हणाली, "हे ईस्टरचं नाही. हे दोन-तीन वर्षांचं आहे. तुमचा संधिवात बोटांत आहे ना, तोच आत फुप्फुसात उतरलाय. तो नुसता सांध्यांचा आजार नाही. म्हाताऱ्या माणसांत उतरतो कधी कधी. त्यावर आता जंतूंनी सूज आणली म्हणून तुम्ही इथे आलात."

मी म्हटलं, "खिडकीनं नाही?"

"कसली खिडकी?"

"नातीनं उघडली होती."

ती हसली नाही, चांगली मुलगी आहे. म्हणाली, "आजी, खिडकीनं सांध्यांना संधिवात होत नाही आणि फुप्फुसाला हे होत नाही. उघडत जा. आणि औषध बदलायला या, ते सुईतून सोडायचं असतं, इथेच. गेलं ते परत येणार नाही, पण जे राहिलंय ते सांभाळता येईल."

तुझे आजोबा तेव्हा कुठे होते विचार. बाहेर व्हरांड्यात, इस्पितळाच्या खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या कोंबत होते. परिचारिका त्यांना म्हणत होती, "काका, हे काय करताय?" आणि ते म्हणत होते, "तुम्हाला नाही कळायचं, मी खिडक्या करतो." मी दारातून पाहिलं. सत्तरीपार माणूस, टोपी काखेत, जीभ दातांत धरून, पोरासारखा एकाग्र. आणि मी ठरवलं की आज नको सांगायला.

मग उद्या नको. मग वसंत गेला, उन्हाळा गेला. उन्हाळ्यात बरं होतं, अंगणात बसता यायचं, मी म्हटलं, होईल आपोआप. मग थंडी पडली आणि त्यांनी कांबळं कापायला घेतलं.

तुला वाटत असेल, आजीनं मला का बदनाम राहू दिलं. मी स्वतःला बरंच काही सांगितलं, की तू तरुण आहेस, विसरशील, तुला बाळ होतंय, तुझं मन तिकडे. खरं ते असं आहे. खिडकीनं झालं असेल, तर खिडकी बंद करता येते. त्यांनी एकूण एक फट बुजवली आणि रोज संध्याकाळी माझ्याकडे बघून म्हणायचे, "आज कमी खोकलीस ना?" आणि मी म्हणायचे, "हो, आज कमी." खिडकीचं नाही असं सांगितलं असतं तर त्यांच्या हातांना काय काम उरलं असतं? मी त्यांना एक काम राहू दिलं आणि त्याची किंमत तुझ्यावर घातली. आणि मी स्वतः आत बसले, डब्यात ठेवलेल्या पावासारखी.

पण रेल्याच्या खोलीला टेप. ते मला जमणार नाही. माझ्या न बोलण्यामुळे ते नाक बंद खोलीत वाढणार असेल तर नको.

म्हणून काल सकाळी सांगितलं. ते टेबलाशी बसून कांबळ्याची शेवटची पट्टी कापत होते, छतावरच्या झरोक्यासाठी.

"म्हाताऱ्या, बस."

"बसलोच आहे."

"मग कात्री ठेव."

नाही ठेवली. मी सांगितलं. वाळकी पानं, मधाचं पोळं, संधिवात आत उतरलाय, दोन-तीन वर्षं झाली, खिडकीचा काही संबंध नाही, नेवेनाचा काही संबंध नाही. मध्ये मला खोकला आला, त्यांनी पाणी दिलं, मी प्याले आणि उरलेलं सांगितलं.

"कधी सांगितलं तिनं हे?"

"इस्पितळातून निघताना."

"मी कुठे होतो?"

"व्हरांड्यात. वर्तमानपत्र कोंबत होतास."

"ती खिडकी वाईटच होती," म्हणाले. "चौकट वाकडी होती."

मी म्हटलं, होती.

शेगडीत लाकूड फुटलं. त्यांनी ती पट्टी उचलली, बघितली, दोन बोटांत गुंडाळली, उलगडली. तुला माहीत आहे, ते बोलताना माणसाकडे बघत नाहीत, सामानाकडे बघतात. पट्टीकडे बघून म्हणाले, "मग मी काय बंद करू?"

नेवेना, मी त्यांच्या हातावर हात ठेवला, माझा तो आल्याचा गड्डा, आणि आम्ही तसेच बसलो. मग ते उठून शेडमध्ये गेले. करवतीचा आवाज आला नाही, हातोडीचा आला नाही. मी खिडकीत गोल केला, पण शेडचं दार लावलेलं होतं. जेवायला आले, सूप प्याले, पाव बोटानं ताटात फिरवून खाल्ला. मी मनात म्हटलं, पेर्सिदा, आयुष्यभर साथ दिलेल्या माणसाला तू दुपारच्या जेवणाआधी म्हातारा करून टाकलंस.

दुपारी पक्कड घेऊन आले आणि पुढच्या दाराशी गुडघ्यावर बसले. मला वाटलं, आणखी एक पट्टी ठोकतात. पण खिळे बाहेर निघत होते.

"काय करतोस?"

"उंबऱ्यावरची पट्टी काढतोय."

"का?"

"बाबागाडीची चाकं अडकतील."

"कुणाची बाबागाडी?"

"मला काय माहीत कुणाची," म्हणाले. "स्लावा आहे. कुणी आणली तर."

आता तू शहरात राहतेस, म्हणून आठवण करून देते. स्लावेला आमंत्रण देत नाहीत. घरच्या संताचा दिवस, ज्याला माहीत आहे तो येतो, आणि आलेल्या माणसाला, तो कुणी का असेना, दारातून परत पाठवत नाहीत. यजमान दिवसभर उभा राहतो, पाहुण्यांसमोर बसतसुद्धा नाही. म्हणून ते तुला ये म्हणू शकत नाहीत आणि मीही म्हणत नाही. तारीख बदललेली नाही, नऊ डिसेंबर. तुझे चाळीस दिवस तोवर होऊन गेलेले असतील, पण ते तुझं तू बघ. उपवासातली स्लावा आहे, तेव्हा मांस नाही. मासे, भट्टीत भाजलेला राजमा, अक्रोड घातलेला उकडलेला गहू. कोबी अळणी. सगळं बोसिल्का करणार आहे आणि सगळ्यांना सांगणार आहे की पेर्सिदानं केलं.

आजोबा माफी मागतील याची वाट बघू नकोस. तोंडानं मागणार नाहीत. ते तुझ्या हातातलं सामान घेतील, खुर्ची सरकवतील आणि बाबागाडीची चाकं तपासतील, आणि चाकं वाईट आहेत असं म्हणतील. तिथेच समजून घे. आणि पावाची वेळ आली, की स्लावेचा गोल पाव यजमानाबरोबर कुणीतरी धरून फिरवायचा असतो. तुझी आई नाही, माझ्या हातांनी धरवत नाही. यंदा कोण धरणार असं काल मी विचारलं, तर म्हणाले, "बघू कोण येतं ते."

पहिल्यांदा घरात आलेल्या बाळाला अंडं द्यायचं असतं. ते त्यांनी शेजारून आणून ठेवलंय. आपल्या कोंबड्या सध्या घालत नाहीत, आणि हे अंडं आजोबा स्वतः जाऊन घेऊन आले. आपण अंडं कशाला आणलं ते त्यांनी बोसिल्काला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. बोसिल्काचं हे दोनदा झालं आता, मला तिची काळजी वाटते.

खिडक्यांचं काही हललेलं नाही. चिकटपट्टी तशीच, कांबळं तसंच, मागचं दार खिळलेलंच. मी म्हटलं, एक तरी उघड. म्हणाले, "हळूहळू." त्यांना हळूहळूच जमेल. माझ्याकडे किती हळूहळू उरलंय ते मला माहीत नाही, पण काल संध्याकाळी दाराखालून गार हवा आत आली, जमिनीलगत, माझ्या घोट्यांना लागली. मी पाय तिथेच ठेवले. ते बघत होते. मोजे आणून दिले.

आणि एक. मी विचारलं, "नीशला जायचं का, त्या औषधाला?" त्यांनी शेगडीत लाकूड सारलं. मग म्हणाले, "स्लावा झाली की जाऊ. पण बसमध्ये खिडकीशी मी बसणार."

रेल्याला मला हातात धरता येणार नाही, ते आत्ताच सांगते, म्हणजे तिथे तुझा चेहरा पडायला नको. आणि मला बघून दचकू नकोस, ईस्टरपेक्षा मी अर्धी झालेय आणि दोन शब्दांमध्ये थांबते. मांडीवर उशी ठेवीन, तू त्याला उशीवर ठेव. नाक माझ्याकडे करून.

आता आशीर्वाद. तुला, ओग्न्येनला आणि त्या नाकाला.

तुला बोलावत नाही, तशी रीत नाही. नऊ तारखेला मी शेगडीजवळच्या खुर्चीत असेन. दुसरीकडे कुठे असणार.

तुझी,
अजून आतच असलेली,
आजी पेर्सिदा